एका घोटाचं वजन

"मामा, एवढीशी काठी पुरेल का रे?"

भाचीने मिनिआपोलिसमधल्या एका दुकानातून फोटो पाठवला होता. नोकरीसाठी ती बेंगळुरूहून तिकडे गेली, तिचा तिथला हा पहिलाच हिवाळा. ऑफिसमधली मंडळी शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला निघाली होती आणि तिलाही बोलावलं होतं. फोटोत भिंतीवर ओळीने काठ्या टांगलेल्या. लांबी जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटर, टोक सुतळीहून बारीक. एक वीस डॉलरची, शेजारची दीडशेची. यातली कोणती घेऊ, हा खरा प्रश्न.

मी सिंधुदुर्गातला. खाडीकाठी गरवण्यात लहानपण गेलं. काठी म्हणजे माणग्याचा दहा फुटी बांबू, त्याला तंगूस, शिशाचा मणी आणि खाली गरी. बेंगळुरूत येऊन इतकी वर्षं झाली, तरी एखाद्या केरेच्या, म्हणजे तळ्याच्या, बांधावर कुणी काठी धरून बसलेलं दिसलं की माझे पाय थबकतात. सरंजाम तोच असतो, फक्त वर थर्माकोलचा तुकडा तरंगत असतो आणि गरीला कणकेची गोळी असते. या काठीपुढे फोटोतली काठी मला खेळणं वाटली. ती इतकी आखूड का, आणि इतकी बारीक का, हे शोधायला बसलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

आधी आखूडपणाचं. त्याची सुरुवात बर्फापासून. बेंगळुरूत आजवर नोंदलं गेलेलं सगळ्यात कमी तापमान ७.८ अंश सेल्सिअस. तेही जानेवारी १८८४ मधलं. तेव्हा इथल्या केरेवर बर्फ धरणं शक्यच नाही, आणि पाण्याचा एक विलक्षण स्वभाव आपल्याला इथे कधी दिसतही नाही. बहुतेक द्रव थंड होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंशांपर्यंतच जड होतं. त्याखाली गेलं की ते पुन्हा हलकं होऊ लागतं. म्हणून तिकडच्या, मिनेसोटातल्या तळ्यात हिवाळ्याच्या तोंडी थंड पाणी बुडत बुडत जातं, सगळं तळं ४ अंशांवर येतं, आणि त्यानंतरचं अधिक गार पाणी वरच राहून गोठतं. वर बर्फाची गोधडी, तळाशी ४ अंशांचं पाणी आणि त्यात जिवंत मासे. पाण्याचा हा हट्ट नसता, तर तळी तळापासून गोठत वर आली असती.

स्वच्छ, घट्ट बर्फ दहा सेंटिमीटर जाड झाला की माणसाचं वजन पेलतो. त्यावर चालत जायचं, गिरमिटाने वीतभर रुंद भोक पाडायचं आणि त्याच्या काठाशीच स्टूल टाकून बसायचं. मासा थेट पायाखाली असतो. गरी लांब फेकायची नसते, जलपर्णीच्या पलीकडे पोचवायची नसते. आपल्या केरेला दहा फुटी काठी लागते ती मधल्या गवताच्या पट्ट्यामुळे. काठीची लांबी माशाच्या आकारावर ठरते असं मी आजवर धरून चाललो होतो. ती ठरते माणूस कुठे बसलाय यावर.

आता मासा. तिकडे या तळ्यांतल्या लहान माशांना 'पॅनफिश' म्हणतात, म्हणजे अख्खे तव्यात मावणारे: ब्लूगिल, क्रॅपी, पर्च. बहुतेक तळहाताएवढे. आपल्याकडे या जागी चिलापी बसते. मोझांबिकची ही तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि उजनीपासून बेंगळुरूच्या केरेंपर्यंत सगळीकडे पसरली. इथे तिला 'जिलेबी' म्हणतात. आमच्या खाडीतली काळुंदर तिच्याच कुळातली. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन उबवते आणि पिल्लं फुटल्यावरही संकट दिसलं की त्यांना पुन्हा तोंडात घेते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. मात्र पाणी दहा अंशांच्या आसपास आलं की ही चिलापी मरते. बर्फाखाली तिचा निभाव लागणार नाही.

बेंगळुरूत गळाचा विषय निघाला की लोक कावेरीतल्या कुबडाच्या महसीरबद्दल बोलतात, तिच्या काठच्या भीमेश्वरीच्या जुन्या गोष्टी सांगतात. तो मासा थोरच. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी या जातीशी पटली आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. पण लहान माशालाही कुणीतरी मान दिला होता. मंगळूरकडे अधिकारी असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं आणि १८८७ मध्ये केवळ तळ्यांतल्या गरवण्यावर दुसरं पुस्तक काढलं. मलाही तळहाताएवढाच मासा अधिक थक्क करतो. कारण तो चावत नाही.

तो घोट घेतो. आमिषाजवळ येऊन मासा तोंडाची पोकळी एकदम फुगवतो, आतला दाब उतरतो, बाहेरचं पाणी तिथे धाव घेतं आणि आमिष त्या पाण्याबरोबर आत जातं. हे सगळं सेकंदाच्या काही शतांशांत. ही ओढ फार दूर पोचत नाही. तोंडाच्या रुंदीइतकं अंतर ओलांडलं की ती जवळजवळ संपते. म्हणून मासा आधी अगदी जवळ येऊन थांबतो. एवढा जोर इवल्याशा डोक्यात कुठून येतो? ब्लूगिलच्याच कुळातल्या लार्जमाउथ बासवर झालेलं संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की घोटामागची पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक शक्ती अंगाच्या, म्हणजे पोहण्याच्या स्नायूंतून येते. मासा सगळ्या देहाने घोट घेतो.

त्यात थंडी. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार असतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. आपल्या केरेतलं पाणी पंचवीस अंशांच्या आसपास, तिकडचं चार. इथली जिलेबी थर्माकोल खसकन बुडवते. तिथला ब्लूगिल एक मंद घोट घेतो, आमिष चाखतो, बेचव वाटलं तर थुंकून टाकतो. काठी धरून बसलेल्या माणसाला कळायच्या आत सगळा व्यवहार आटोपलेला असतो.

हे वाचल्यावर त्या काठीकडे मी नव्याने पाहिलं. ती मासा ओढून काढायची काठी नव्हती. तो तराजू होता, एका घोटाचं वजन करणारा.

तराजू म्हटलं की त्याच्या दांडीचा हिशेब आला. एकाच जाडीची काठी निम्मी आखूड केली की ती आठपट ताठ होते. माझ्या तीन मीटरच्या माणग्याऐवजी साठ सेंटिमीटरची, म्हणजे पाचव्या हिश्श्याची काठी घ्या: ती १२५ पट ताठ. असल्या काठीला घोट काय कळणार? पण जाडीचा हिशेब त्याहून तिखट आहे. गोल भरीव काठीची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा सोळापटीने उतरतो. म्हणून आखूड काठी पूर्वीइतकीच लवचीक ठेवायची तर तिची जाडी एक तृतीयांशाच्याही खाली न्यावी लागते. सुतळीसारखं टोक हा दिखावा नव्हता. ते गणिताचं उत्तर होतं.

मग दर्जाचा प्रश्न. वीस डॉलरची काठी काचतंतूंची होती आणि दीडशेची कार्बन तंतूंची. कार्बन तंतू म्हटलं की बेंगळुरूकराला तेजस आठवतं. इथेच बनणाऱ्या त्या विमानाच्या सांगाड्याचा सुमारे ४५ टक्के भाग, वजनाच्या हिशेबाने, राळेत बसवलेल्या अशा तंतूंचा आहे. पंख हलका हवा आणि वाकायला नको. तिथे कार्बनला तोड नाही. काचतंतूच्या तो जवळजवळ तिप्पट ताठ. पण आपल्याला इथे वाकायलाच हवं आहे! कार्बनचं टोक काचेइतकं मऊ करायचं तर ते आणखी चौथ्या हिश्श्याने बारीक करावं लागतं, आणि बर्फावर बादलीची कड लागली की ते काडकन मोडतं. भरीव काचतंतूचं टोक वाकतं, आपटतं, परत सरळ होतं. कार्बनची काठी वजनाला हलकी आणि तिची थरथर हाताला चटकन कळते, हे खरं. मोठ्या माशाला मी ती घेईन. तव्यातल्या माशाला मात्र स्वस्त काठी ही तडजोड नाही, तीच योग्य वस्तू आहे. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला.

बांबूने हे काम कुणी न शिकवता साधलं आहे. काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण तिच्या बाहेरच्या कडेवर येतो, आणि बांबूत तंतूंची दाटीही नेमकी सालीजवळ असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर भारतातून जाणारा बांबू 'कलकत्ता केन' या नावाने विकत घेत, त्याच्या चिपा तासून, चिकटवून षट्कोनी काठ्या करत. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. आमचा माणगा त्यांच्या दुकानांत पोचला नाही, पण तोही जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा आणि सरळ.

शनिवारची सकाळ तिकडे उजाडायची होती. शुक्रवारी संध्याकाळी ती दुकानात उभी राहिली आणि तिने व्हिडिओ कॉल लावला. इथे माझी पहाट.

मी सांगितलं, रिळावर पैसे घालवू नकोस, फक्त दोरी सोडताना ते अडखळत नाही ना एवढं पाहा. तंगूस दोन ते चार पौंडांच्या ताकदीचा, त्याहून जाड नको. जाड तंगूस थंडीत स्प्रिंगसारखा वेटोळी धरून राहतो आणि घोट त्या वेटोळ्यांतच मुरतो. टोकाची कडी मोठ्या भोकाची बघ, बारीक भोकात पाणी गोठून दोरी अडकते. उरलेले पैसे टंगस्टनचा दाणा बसवलेल्या गऱ्यांवर घाल. टंगस्टन शिशाच्या जवळजवळ पावणेदोनपट घन, म्हणजे तेवढ्याच वजनाचा दाणा लहान होतो, लवकर खाली जातो आणि तंगूस ताणून धरतो. शिवाय शिसं पाणपक्ष्यांच्या पोटात गेलं तर विष होतं.

"आणि काठी मऊ आहे हे कसं कळणार?"

"पिशवीत कागदाला लावायची टाचणी आहे का? वाकड्या तारेची?"

साधी पेपरक्लिप सुमारे एक ग्रॅमची असते. भाचीला लागणाऱ्या गरीचं वजनही तितकंच. तिने आधी दीडशेची काठी आडवी धरली आणि टोकाच्या कडीत क्लिप अडकवली. टोक हललंही नाही. ती काठी मोठ्या माशांसाठी घडवलेली होती. मग वीसची. टोक हळूच झुकलं, बोटाच्या पेराएवढं, आणि तसंच राहिलं. खालचा अर्धा भाग मात्र सरळ. मासा लागल्यावर त्याला वर आणायला तो ताठपणा हवाच.

"आता क्लिपखाली बोट ने," मी म्हटलं, "आणि तिला अगदी किंचित वर उचल."

कारण क्रॅपी पुष्कळदा खालून येते, आमिष तोंडात घेऊन वरच तरंगते. अशा वेळी काठीला ओढ बसत नाही. उलट गरीचं ओझं माशाने आपल्या तोंडात पेललेलं असतं आणि काठीवरचं वजन कमी होतं. ताठ काठी धरून बसलेला माणूस तसाच बसून राहतो.

तिने बोट नेलं. पडद्यावर ते झुकलेलं टोक सरळ झालं.

"अय्या," ती म्हणाली. मग तिने क्लिप सोडली, टोक पुन्हा झुकलं. पुन्हा उचलली, पुन्हा सरळ झालं. दुकानाच्या मधोमध उभी राहून ती कितीतरी वेळ तेच करत होती.