सात थरांच्या आधीचं डेटापॅक

संगणक-जाळ्यांच्या पाठ्यपुस्तकात सात थरांचं चित्र हमखास असतं. ते घोकून परीक्षा दिलेल्यांना वाटतं की आधी थर आखले गेले आणि मग त्यांवर जाळी उभी राहिली. झालं उलटं. सात थरांचं ओएसआय प्रारूप आंतरराष्ट्रीय मानक झालं १९८४ मध्ये. कॅनडातल्या टेलिफोन कंपन्यांच्या संघाने डेटापॅक हे सार्वजनिक जाळं १९७४ मध्येच जाहीर केलं होतं आणि १९७७ पर्यंत ते सुरूही झालं. त्याला थर होते तीन.

हे तीन थर व्यवहारातून आले. १९७४ मध्येच आयबीएमने संगणक जोडण्याची एसएनए ही स्वतःची पद्धत आणली. तिच्या मागे गेलं की ग्राहक एकाच कंपनीच्या दावणीला बांधला जाणार, हे टेलिफोनवाल्यांना दिसत होतं. कॅनडा, फ्रान्स, ब्रिटन, जपानची मंडळी आणि अमेरिकेतली टेलिनेट कंपनी एकत्र बसली आणि १९७६ मध्ये एक्स.२५ हे मानक मंजूर झालं. डेटापॅकचे तीन थर ते यातलेच. पुढे आयबीएमलाही ते सामावून घ्यावं लागलं.

एक्स.२५ म्हणजे अख्ख्या जाळ्याचा आराखडा, हा दुसरा गैरसमज. त्यात ठरलं होतं ते एवढंच, की ग्राहकाचं यंत्र आणि टेलिफोन कंपनीचं यंत्र एकमेकांशी कसं बोलेल. खालचा थर तारेचा. मधला चौकटींचा: प्रत्येक चौकटीच्या दोन्ही टोकांना ०११११११० ही खूण. मजकुरातच अशी ओळ आली तर? म्हणून पाठवणारा सलग पाच एकांनंतर एक शून्य घुसवतो आणि घेणारा ते काढून टाकतो. साधी, पण फार हुशार युक्ती. सर्वांत वर पॅकेटचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा थर. तिथे बारा बिटांचा वाहिनी-क्रमांक असल्याने एकाच तारेवरून अनेक संवाद चालत.

यातून तिसरा समज निघतो: टेलिफोनसारखाच इथेही दोन टोकांमध्ये मार्ग राखून ठेवलेला असे. ग्राहकाला तसं भासे खरं. पण डेटापॅकच्या पोटात, नॉर्दर्न टेलिकॉमच्या एसएल-१० यंत्रांमधून, पॅकेटं सुटी-सुटीच धावत. क्रम लावून देण्याचं काम कडेला होई. फ्रान्सच्या ट्रान्सपॅकने दाराशी तेच एक्स.२५ ठेवलं, आत मात्र मार्ग खरोखर बांधले.

इंटरनेट सात थरांवर उभं आहे, हेही खरं नाही. इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं आर्पानेट १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी/आयपीवर गेलं, ओएसआय मानक व्हायच्या आधी. टीसीपी आणि आयपी हे तुकडेसुद्धा १९७८ च्या सुमारास वेगळे झाले. त्याआधी एकच प्रोटोकॉल होता.

राहिला एक्स.२५ च्या संथपणाचा शेरा. दर टप्प्यावर चौकट तपासायची, पोच द्यायची, चुकली तर पुन्हा मागवायची, यात वेळ जाई हे कबूल. पण तेव्हाच्या तांब्याच्या तारांवर चुका सर्रास होत. ऑप्टिकल फायबर आल्यावर ही तपासणी जड वाटू लागली. तरी डेटापॅक दोन हजारनंतरही चालू होतं.