अंथरुणातून उगवलेले सूर

१९७५च्या जानेवारीत लंडनमध्ये टॅक्सीची धडक बसून संगीतकार ब्रायन ईनो अंथरुणाला खिळला. मैत्रीण जुडी नायलन त्याला भेटायला आली ती अठराव्या शतकातल्या हार्पवादनाची रेकॉर्ड घेऊन. ती गेल्यावर त्याने कशीबशी रेकॉर्ड लावली. आवाज फारच बारीक, त्यात स्टिरिओची एक बाजू बंद आणि बाहेर पाऊस. उठून आवाज वाढवण्याचे त्राण नव्हते, म्हणून तो तसाच ऐकत राहिला. पावसाच्या सरींतून मधूनच हार्पचा एखादा ठळक स्वर वर यायचा. ही ईनोने सांगितलेली हकिगत. नायलनची आठवण वेगळी आहे: पावसाशी मिळताजुळता राहील इतकाच आवाज मुद्दाम ठेवला होता, असे ती सांगते. काही असो, त्याच वर्षी आलेल्या त्याच्या ‘डिस्क्रीट म्युझिक’ या अल्बमचे बीज त्या खोलीत पडले.

त्याची अर्ध्या तासाची मुख्य रचना कशी घडली ते पाहण्यासारखे आहे. सिंथेसायझरवरच्या दोन साध्या सुरावटी, दोन्हींची लांबी वेगवेगळी. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोघांतून फिरवलेली. पहिल्यावर नोंदलेला सूर काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजतो आणि पुन्हा पहिल्यात शिरतो. दोन्ही सुरावटी प्रत्येक फेरीत नव्याच ठिकाणी भेटतात. पुढे १९७८मध्ये ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’वर त्याने ‘ॲम्बियंट’ हा शब्द छापला आणि या प्रकाराला नाव मिळाले. कोलोनच्या विमानतळावर थांबावे लागले असताना त्याला त्या रेकॉर्डची कल्पना सुचली होती. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा मला आधी हीच रेकॉर्ड आठवली.

या संगीतात आपले बरेच काही आहे. १९७०मध्ये गायक पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले. ला माँटे यंग आणि टेरी रायली हे तिथले दोन मोठे संगीतकार त्यांचे शागीर्द झाले. एकाच सुराच्या गुंजनात तासन्‌तास राहण्याची सवय त्यांना तंबोऱ्याने आणखी पक्की करून दिली. आणि यंगच्या रचना ईनो विद्यार्थिदशेपासून वाजवत होता.

पण आजारातून सावरताना माणसाचे ऐकणेच बदलते आणि त्या ऐकण्यातून नवे संगीत येते, याचे सर्वांत मोठे उदाहरण मराठी माणसाला लंडनमध्ये शोधावे लागत नाही. ते माळव्यातल्या देवासला आहे. कुमार गंधर्व १९४८च्या जानेवारीत तिथे गेले ते क्षयरोग घेऊन. वय जेमतेम तेवीस. मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकून तयार झालेला, लहानपणापासून मैफली गाजवणारा हा गायक. आणि त्याला गाण्याचीच बंदी. चार-पाच वर्षे त्यांनी बहुतेक अंथरुणावर काढली. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळू लागले, हळूहळू गुण आला, तरी एक फुप्फुस जवळजवळ निकामीच राहिले.

या काळात त्यांच्या कानांवर काय पडत होते? माळव्यातल्या बायकांची गाणी, दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुणी भजने. १९५३मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा हे सगळे गळ्यात उतरू लागले होते. त्या लोकधुनांतून पुढे ‘धुनउगम’ राग आले, सहेली तोडी, लगनगंधार, मघवा. ‘अनूपरागविलास’ हे त्यांच्या बंदिशींचे पुस्तक १९६५मध्ये निघाले. फुप्फुस एकच म्हणून त्यांच्या ताना छोट्या झाल्या, असे सरसकट बोलले जाते. मला ते तोकडे वाटते. दमाच्या मर्यादेने गाणे आखूड होईल. एखादा स्वर बाणासारखा फेकून पुढची शांतता तितक्याच तोलाने सांभाळणे, हे त्या वर्षांतल्या ऐकण्याने दिले.

इलेक्ट्रॉनिक संगीतात याच्या जवळ जाणारा माणूस माझ्या मते जपानी संगीतकार र्‍युइची साकामोतो. २०१४मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला, काम थांबले. २०१७मध्ये ‘एसिंक’ हा अल्बम आला. त्यात त्सुनामीत बुडालेला, तारा बेसूर झालेला एका शाळेचा पियानो आहे, पाऊस आहे, पावलांचे आवाज आहेत. पियानो दुरुस्त करून घ्यावा असे त्याला वाटले नाही. पुन्हा कर्करोग झाल्यावर त्याने केलेल्या ‘१२’ या अल्बममध्ये रचनांना नावे म्हणून तारखा आहेत आणि स्वरांमागे त्याचा श्वास ऐकू येतो. हा अल्बम जानेवारी २०२३मध्ये निघाला; मार्चमध्ये साकामोतो गेला.

आज ‘हीलिंग’ असा शिक्का मारलेल्या आठ-आठ तासांच्या फिती मोबाइलवर ढिगाने मिळतात. त्यातल्या बहुतेकांत श्वास नाही, खाचखळगे नाहीत, आजाराची एकही खूण नाही. बरे होणे इतके गुळगुळीत नसते. वाशी-नेरुळच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉपवर असे काही रचणाऱ्या मुलामुलींनी निदान कुमारांचे देवासनंतरचे गाणे आणि ‘एसिंक’ लागोपाठ ऐकावे.

आणि खारघरच्या ‘टाटा’ रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी आसपास खोली करून राहणाऱ्या कुटुंबांना एक सांगणे. रुग्णाच्या उशाशी काही लावायचे असेल तर आधी त्याला विचारा, आवाज खिडकीबाहेरच्या आवाजाइतकाच ठेवा, आणि तो नको म्हणाला तर लगेच बंद करा.