धुराचा हिशेब कोणाच्या वहीत?

तिरोड्याच्या शिवारातून औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसतात. 660 मेगावॉटचे पाच संच, म्हणजे एकूण 3300 मेगावॉट. ‘सर, या धुराड्यांतून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने वर्गात विचारले, तर त्याचे उत्तर शोधता येते. किती कोळसा जळला आणि त्याची उष्णता किती, यावरून केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशातील वीजकेंद्रांच्या उत्सर्जनाचा हिशेब केंद्रवार मांडते व प्रसिद्धही करते.

हाच प्रश्न उरणच्या विद्यार्थ्याने विचारला तर? मुंबई हायचा वायू 1978 पासून समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो. तेथील प्रक्रिया केंद्रात स्वयंपाकाचा वायू वेगळा काढला जातो. अशा उद्योगातील उत्सर्जन केवळ जळणातून होत नाही. वायूत मुळात असलेला कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो, नको असलेला वायू ज्योतीत जाळावा लागतो आणि झडपा, सांधे व दाबयंत्रे यांतून मिथेन झिरपतो. ही गळती इंधनाच्या पावतीवरून कळत नाही. ती जागेवर जाऊनच मोजावी लागते.

अर्थशास्त्रज्ञ पिगू याने 1920 मध्येच दाखवून दिले होते, की उत्पादकाच्या खर्चात न धरलेली झळ समाजाला सोसावी लागते. परंतु ती झळ उत्पादकाकडून वसूल करावयाची, तर आधी तिचे माप हवे. मग माप कोणाचे घ्यावयाचे? आपल्या जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांतूनही मिथेन निघतो. तथापि प्रत्येक बांधीवर यंत्र बसविणे हास्यास्पद ठरेल, कारण मोजणीचा खर्च तिच्या लाभाहून अधिक होईल. मोठ्या कारखान्यांची गोष्ट निराळी आहे. म्हणूनच कोठेतरी मर्यादा आखावी लागते.

अमेरिकेने 2009 च्या नियमांत ती वर्षाला 25,000 टन कार्बन डायऑक्साइडइतक्या उत्सर्जनावर आखली आणि 2010 मध्ये तेल व नैसर्गिक वायू उद्योगासाठी स्वतंत्र प्रकरण जोडले. वरवर साध्या दिसणाऱ्या या आकड्यात एक मेख आहे. एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरावयाचा? त्या नियमांत आरंभी हा गुणक 21 होता, पुढे 25 झाला आणि 2025 पासून 28. केवळ मिथेनचा विचार केला, तर पहिल्या गुणकाने सुमारे 1190 टन गळतीला मर्यादा गाठली जाई. 28 ने ती सुमारे 893 टनांनाच गाठली जाते. म्हणजे कारखान्यात काडीचाही बदल न होता तो नोंदणीच्या कक्षेत येऊ शकतो. गुणक ठरविणे हे वरकरणी शास्त्राचे काम असले, तरी त्याचा परिणाम आर्थिक असतो. नियमही अढळ नसतात: त्याच देशाच्या पर्यावरण संस्थेने सप्टेंबर 2025 मध्ये ही नोंदणी बहुतेक उद्योगांसाठी बंद करण्याचा प्रस्ताव मांडला.

आपल्याकडे ‘सेबी’च्या नियमानुसार 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात हरितगृह वायूंचे आकडे असतात, हे स्वागतार्हच होय. परंतु तो हिशेब सबंध कंपनीचा असतो. उरणचा वाटा किती, हे त्या बेरजेतून कळत नाही. गुंतवणूकदाराला कंपनीभराची बेरीज पुरत असेल, कारखान्याशेजारी राहणाऱ्याला ती पुरत नाही.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. परंतु लहान उद्योगांना वगळण्यासाठीच तर मर्यादा असते. शिवाय वायू हा विकाऊ माल आहे. गळती सापडली तर तो वाचतो आणि धोकाही कमी होतो.

तेव्हा मागणी तीनच गोष्टींची आहे. नोंद कारखानावार असावी. मर्यादा व गुणक आधी जाहीर व्हावेत. आणि आकड्यांची तपासणी त्रयस्थाकडून होऊन ते सर्वांसाठी खुले व्हावेत. वीजकेंद्राच्या बाबतीत केंद्रवार आकडे प्रसिद्ध करणे आपल्याला साधले आहे. वायूच्या बाबतीत ते का साधू नये, याचे उत्तर उरणच्या विद्यार्थ्याला मिळावयास हवे.