वाळूत उमटलेले मऊ प्राणी
जीवाश्म म्हटले की आपल्याला हाडे, शिंपले आठवतात. मग ज्यांना हाडही नाही आणि शिंपलाही नाही, अशा प्राण्यांचा माग आपण कसा काढायचा? १९४६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडिआकारा टेकड्यांत रेग स्प्रिग या भूवैज्ञानिकाला वालुकाश्मावर अशाच प्राण्यांचे ठसे सापडले. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता. तळावर सूक्ष्मजीवांचा सायीसारखा थर असे. त्यावरचे प्राणी वादळात वाळूखाली गाडले गेले. शरीर कुजेपर्यंत वरची वाळू घट्ट झाली आणि ठसा टिकला. म्हणून तो बहुधा थराच्या खालच्या अंगाला दिसतो. यांतला चपटा, लंबगोल डिकिन्सोनिया हा प्राणीच होता, याचा भक्कम पुरावा २०१८ साली रशियातील जीवाश्मांत मिळालेल्या कोलेस्टेरॉलच्या अवशेषांनी दिला. सांगाडा सापडला नाही म्हणजे जीवच नव्हता, असे म्हणता येत नाही.