गालातली दोन चमचे चरबी

जिभेचं टोक वरच्या दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर, गालाला आतून लावून पाहा. बारीकसा उंचवटा लागेल. कानापुढच्या लाळग्रंथीची नळी तिथे तोंडात उघडते. गाल बारीक करून घेणाऱ्यांच्या तोंडात सर्जन चिरा देतो, तो या उंचवट्याला चुकवत, त्याच्या शेजारीच.

चिरा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा, भूल बहुतेकदा तेवढ्या जागेपुरतीच. स्नायूचे धागे बाजूला सारून बाहेरून गालावर हलकेच दाबलं की पिवळी, तुकतुकीत चरबी पातळ आवरणासकट पुढे सरकते, ओल्या शेंगेतून दाणा सुटावा तशी. सहज येईल तेवढीच घ्यायची. ओढाओढ केली तर पंचाईत, कारण चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या आणि ती लाळेची नळी तिला लागूनच जातात. मग विरघळणारे टाके. गाल खरा किती बसला, हे सूज पूर्ण उतरल्यावर काही महिन्यांनी कळतं.

एका गालात ही चरबी साधारण १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे. लॉरेन्झ हाइस्टर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १७३२ मध्ये तिला ग्रंथीच ठरवलं होतं. ती निव्वळ चरबी आहे हे ओळखलं फ्रान्सच्या झाव्हिए बिशाने. शेकडो शवविच्छेदनं करून तो १८०२ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी गेला. ब्राझीलमध्ये आज या शस्त्रक्रियेला त्याच्याच नावावरून ‘बिशेक्टोमिया’ म्हणतात. २०२२ च्या अखेरीस समाजमाध्यमांवर तिची लाट आली, तेव्हा बिचारा बिशा कोणाला आठवला असेल!

चरबीची ही गादी दोन स्नायूंच्या मधे बसते. बाहेर चावण्याचा मासेटर, आत बक्सिनेटर. बक्सिनेटरचा लॅटिन अर्थ तुतारीवाला (फुंकताना गाल आवळतो तो हा स्नायू). तान्ह्या बाळात ती अंगाच्या मानाने बरीच मोठी असते आणि दूध ओढताना गाल आत खचू देत नाही. अंगावरची चरबी झडली तरी ही सहसा फारशी झडत नाही, म्हणून काही काटकुळ्या माणसांचेही गाल गुबगुबीतच राहतात. पण रात्री दात खाऊन मासेटर फुगलेला असेल, तर ही गादी काढून चेहरा निमुळता होत नाही. आणि वयाबरोबर चेहऱ्यातली इतर चरबी ओसरतेच. विशीत कोरीव दिसलेला गाल पन्नाशीत खप्पड दिसू शकतो, काढलेली गादी तर परत येत नाही. विशीतल्या पोरांनी निदान थोडं थांबावं, असं मला वाटतं ते यासाठी.

याच गादीची दुसरी गोष्ट आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत रोज घडते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्याने गाल आतून चामड्यासारखे ताठ झालेले तरुण तिथे येतात. तोंडात दोन बोटंही जात नाहीत. सर्जन ते ताठ पट्टे कापून जबडा मोकळा करतो, पण उघडी जखम तशीच सोडली तर ती आकसून तोंड पुन्हा मिटतं. तेव्हा शेजारचीच चरबी, तिच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून, पुढे ओढून जखमेवर पसरतात आणि शिवतात. काही आठवड्यांत तिच्यावर तोंडाची नवी त्वचा धरते. दरम्यान रोगी आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरून बसतो, जमेल तशी एकेक काडी वाढवत.