क्रेडिट कार्डचं बिल थकलं, तर वसुली एजंट गाडी उचलून नेऊ शकतात का?

"उद्यापर्यंत पैसे भरा, नाहीतर गाडी उचलू." क्रेडिट कार्डचे काही हप्ते थकले की असे फोन सुरू होतात. गाडी गेली तर कामधंदाच बंद, या भीतीने अनेक जण दागिने गहाण टाकून किंवा उसनवारी करून पैसे भरतात. पण एजंटला असा अधिकार आहे का?

थोडक्यात उत्तर: नाही. कार्डच्या थकबाकीसाठी गाडी जप्त होऊ शकते, पण ती न्यायालयाच्या आदेशाने. एजंटच्या मर्जीने नाही.

वाहनकर्ज आणि कार्ड यांत फरक काय?

वाहनकर्जात गाडी बँकेकडे 'नजरगहाण' असते. म्हणून आरसीवर बँकेचं नाव चढतं. हप्ते थकले तर करारानुसार, नोटीस देऊन बँक ताबा घेऊ शकते. तिथेही जबरदस्ती चालत नाही. वसुलीसाठी गुंड वापरता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

क्रेडिट कार्ड हे सहसा विनातारण कर्ज असतं. ते घेताना कोणतीही वस्तू तारण दिलेली नसते. त्यामुळे दारातल्या गाडीवर कार्ड कंपनीचा थेट हक्क नसतो.

मग गाडी कधी जाऊ शकते?

बँक दिवाणी दावा लावू शकते किंवा करारात तरतूद असेल तर लवादाकडे जाऊ शकते. थकबाकी 20 लाख किंवा जास्त असेल, तर प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात जातं. निकाल बँकेच्या बाजूने लागला आणि तरीही पैसे भरले नाहीत, तर बँक वसुलीसाठी दरखास्त दाखल करते. त्यानंतर दिवाणी न्यायालयाच्या जप्ती वॉरंटवर बेलीफ गाडी जप्त करू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार कारागिराची अवजारं, शेतकऱ्याची शेतीची आवश्यक अवजारं, जनावरं आणि बियाणं यांना जप्तीतून सूट आहे. घरच्या वापराची कार किंवा दुचाकी मात्र त्या यादीत नाही.

खरा धोका इथेच आहे. एजंटच्या फोनला कंटाळलेले लोक न्यायालयाची किंवा लवादाची नोटीसही बाजूला टाकतात. मग निकाल एकतर्फी लागतो आणि व्याज, दंड याबद्दलचं म्हणणं मांडायची संधी हातची जाते.

कार्ड आणि वाहनकर्ज एकाच बँकेचं असेल तर?

अशा वेळी करार नीट वाचावा. काही करारांत एका खात्याची थकबाकी दुसऱ्या खात्याशी जोडलेली असते. तशी अट असेल तर गाडीचे हप्ते फिटल्यावरही बँक ना-हरकत प्रमाणपत्र अडवून धरू शकते.

एजंट दारात आला तर काय करावं?

• ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागावं. न्यायालयाचा आदेश असल्याचं सांगितलं, तर तो पाहायला मागावा.
• किल्ली, आरसी देऊ नये. 'स्वखुशीने ताबा देत आहे' अशा कागदावर सही करू नये.
• रोख रक्कम हातात देऊ नये. पैसे थेट कार्ड खात्यात भरावेत.
• जबरदस्ती झाली तर 112 वर फोन करावा. शक्य असेल तर व्हिडिओ आणि कॉलचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं.

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, नातेवाईक आणि मित्रांना त्रास देणं यालाही मनाई आहे. एजंट बाहेरच्या कंपनीचा असला तरी जबाबदारी बँकेचीच राहते.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 'सीएमएस' पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

थकबाकीचं काय?

एजंटची धमकी बेकायदा ठरली म्हणून कर्ज माफ होत नाही. अनेक कार्डांवर महिन्याला 3 टक्क्यांहून जास्त व्याज लागतं, त्यामुळे रक्कम वेगाने फुगते. थकबाकीचे हप्ते बांधून देण्याची मागणी बँकेकडे करता येते. तडजोड केली, तर ठरलेली रक्कम आणि मुदत बँकेच्या पत्रावर लेखी घेऊनच पैसे भरावेत. तडजोडीची नोंद सिबिल अहवालात 'सेटल्ड' अशी होते आणि पुढे कर्ज मिळताना ती आडवी येऊ शकते.