ना. म. जोशी आणि १९२६ चा कायदा

मुंबईतील डिलाईल रोडला आज ज्यांचे नाव आहे, ते नारायण मल्हार जोशी मूळचे कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. जन्म १८७९ चा. काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

त्या काळी कामगारांची संघटना बांधणे जोखमीचे होते. मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटक गिरण्यांच्या तंट्यात कामगारांना करार मोडण्यास चिथावल्याबद्दल पुढाऱ्यांवर नुकसानभरपाईचा दावा लागला. उच्च न्यायालयाने मनाई हुकूमही दिला. दाव्याच्या एका फटक्यात संघटना बुडावी, अशी ती स्थिती.

जोशी केंद्रीय विधिमंडळात होते ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. पाठीशी ना मतदारसंघ, ना पक्षाचे बळ. तरीही कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे, असा ठराव त्यांनी १९२१ मध्ये तेथे मांडला. कायदा संमत होण्यास १९२६ उजाडले. सात जणांच्या अर्जावर संघाची नोंदणी होऊ लागली आणि नोंदलेल्या संघास कायदेशीर संपापुरते अशा दाव्यांपासून अभय मिळाले. मात्र संघाने दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे धाडलाच पाहिजे, हे बंधनही आले. चोपडीची शिस्त जाणणाऱ्या व्यापाऱ्यास ही अट रास्तच वाटेल.

१९२९ च्या नागपूर अधिवेशनात जहाल गटाचे बहुमत झाले, तेव्हा जोशी सहकाऱ्यांसह बाहेर पडले. १९४० मध्ये दोन्ही पक्ष एकत्र आले आणि सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडेच सोपविण्यात आले.